लाल झालेली हळद

हर्षाली धाराशिवहून आली ती पायातली चप्पल काढायच्या आधीच खिडकीपाशी थांबली. खिडकीत एक बाटली होती, सोनारीला नेलेल्या बाटल्यांमधली उरलेली. तिनं ती उचलून उजेडाकडं धरली आणि विचारलं, "आत्या, हे लाल कसं झालं?"

गजराबाई भाकरी थापत होती. सुनेच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिचा हात परातीतच थांबला. "हळद जरा जास्त पडली आसंल," ती म्हणाली.

"हळद जास्त पडली तर जास्त पिवळं होईल. लाल कशानं होईल?"

गजराबाईनं भाकरी तव्यावर टाकली. मग ती त्या भाकरीकडंच बघत राहिली.

तेरच्या या घरात पूर्वी फक्त शेळ्या होत्या. आताही होत्या, गजराबाईचा नवरा कोंडीराम दिवस उगवला की त्या घेऊन तेरणेच्या काठानं निघायचा. पण हर्षाली लग्न होऊन आली आणि मागच्या पडवीत एक वेगळाच धंदा सुरू झाला. पोरगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. नवरा चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा येणार. रिकामं बसणं तिला जमत नव्हतं. तिनं पुण्याला जाऊन शिकून घेतलं आणि अंगाला लावायचा पातळ साबण बनवायला लागली. कॅनमध्ये मधासारखं दाट औषध यायचं. नारळ आणि साखरेपासून बनवतात म्हणायची. फेस त्याचाच, मळही तेच सोडवणार, पण कपड्याच्या साबणासारखं कातडीला ओरबाडणार नाही. त्यात पाणी, कोरफडीचा गर, ग्लिसरीन, मग बरणीतली आंबट पावडर, आणि सगळ्यात शेवटी हळदीचा अर्क. गजराबाई ढवळायला असायची. ते काम तिला आवडायचंही. सून आणि ती शेजारी शेजारी बसून गप्पा मारत ढवळायच्या.

या खेपेला मात्र ती एकटीच बसली होती. हर्षालीच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि ती धाराशिवला अडकली. तिकडं सोनारीला गजराबाईची लेक ज्ञानेश्वरी बाळंत झालेली, दुसरी खेप, म्हणून सासरीच. बारशाला येणाऱ्या बायकांच्या ओटीत आपल्या घरची एकेक बाटली घालायची, हे कधीच ठरलेलं. "तुम्ही करा आत्या, तुम्हाला सगळं येतंय," हर्षाली फोनवर म्हणाली होती. "फक्त आंबट पावडर घातल्याबिगर बाटल्या भरू नका."

आता हर्षालीनं बाटलीतले दोन थेंब बोटांवर घेतले आणि चोळले. चोळता चोळता तिचा चेहरा उतरत गेला. कपाटातून तिनं साबण तपासायची कागदाची एक पट्टी काढली, बाटलीत बुडवली आणि बाहेर काढली. पट्टी गर्द निळी झाली होती.

"आत्या, पावडर टाकली होती ना?"

"टाकली की."

हे दोन शब्द गजराबाईच्या तोंडून असे गेले की तिचं तिलाच कळलं नाही. पावडर तिनं टाकली नव्हती. विसरली नव्हती, मुद्दाम टाकली नव्हती.

झालं असं होतं की गिरणीत दळण टाकून बसली असताना शेजारची पार्वतम्मा तिला सांगत होती. नळदुर्गच्या तिच्या भाचीनं, गोऱ्यापान पोरीनं, कसलंसं ॲसिड असलेलं मलम लावलं आणि गालाची साल निघाली. "हल्ली समद्यात ॲसिड घालतात बघा," पार्वतम्मा म्हणाली होती. ते ऐकून घरी आली तर साबण करायचा दिवस समोर. आंबट पावडरची बरणी तिनं आजवर कितीदा तरी उघडली होती, पण वरची चिठ्ठी कधी वाचली नव्हती. चौथीपर्यंतची शाळा झालेली. त्या दिवशी तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं: सायट्रिक ॲसिड.

ॲसिड म्हणजे काय ते तिला माहीत होतं. संडास धुवायला आणलेलं ॲसिड फरशीवर धूर काढत उकळायचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं कोंडीरामच्या धोतरावर सांडलं होतं तर चाळणी झाली होती. आणि ते आपण इतके दिवस हातानं घालत होतो. आता सव्वा महिन्याच्या नातीच्या अंगावर घालायचं? सुनेला विचारावं असं मनात आलं, पण विचारलं तर ती समजावणार, आपल्याला निम्मं कळणार नाही, आणि शेवटी घालावंच लागणार. तिनं बरणीचं झाकण लावलं. बाकी सगळं घातलं. शेवटी हळद पडली आणि बघता बघता सगळं पातेलं कुंकवासारखं झालं. तिला तो रंग शुभ वाटला होता. बारशाला असाच रंग पाहिजे, असं ती स्वतःशी म्हणाली होती.

"मग पावडरच खोटी निघाली," हर्षाली म्हणत होती. "मी नव्या दुकानातून आणली. चाखून बघायला पाहिजे होती. सोडा दिला काय त्यानं?" ती खाली बसली. "आत्या, कॅनमधलं ते औषध मूळचं चुन्यासारखं जहाल असतंय. तसंच येतंय ते. आंबट घातलं की शांत होतंय, मग कातडीला चालतंय, बाळालासुद्धा चालतंय. आंबट पडलं न्हाय तर ते चुन्याचं पाणीच. चुना लागला की हळद लाल होती, तुम्हाला तर माहीत आहे."

माहीत होतं. माहेरी तिची आजी हळदीत चुना घालून कुंकू करायची, आणि चिमूटभर चुन्यानं सुपातली पिवळी हळद लाल होताना तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. पातेल्यापुढं बसली तेव्हा ते आठवलं नव्हतं. आता आठवलं.

"अंगाला लागलं तर काय व्हतंय?" तिनं विचारलं.

"मोठ्या माणसाच्या हाताला फार तर कोरडं पडंल, आग होईल. पण लेकराच्या डोळ्यात गेलं तर..." हर्षालीनं वाक्य सोडून दिलं आणि फोन घेतला.

ज्ञानेश्वरीचा फोन लागेना. लागला तेव्हा आधी बाळाचं रडणं ऐकू आलं. गजराबाईनं आयुष्यात कितीतरी लेकरं रडताना ऐकली होती. हे रडणं तसलं नव्हतं. चिरकत होतं, मध्येच श्वास अडकत होता आणि पुन्हा सुरू होत होतं.

"सकाळी न्हाऊ घातलं तवापासून उजवा डोळा उघडत न्हाय तिचा," ज्ञानेश्वरी सांगत होती. "लाल झालाय. सासूबाई म्हणतात बारशात दृष्ट लागली, मीठमोहऱ्या उतरून टाकल्या."

हर्षालीचा आवाज एकदम सरळ झाला. "ज्ञानूताई, नीट ऐका. पिण्याचं पाणी घ्या, तांब्यात. बाळाला उजव्या कुशीवर धरा, दुखरा डोळा खाली. पापणी बोटानं उघडा आणि नाकाकडून बाहेर अशी बारीक धार सोडा. रडू दे, थांबू नका. हात दुखले तर दुसऱ्याला धरायला सांगा, पण धार चालू ठेवा. अर्धा तास तरी. आणि मग लगेच परंड्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं. जाताना ती बाटली सोबत न्या."

"वहिनी, काय झालंय?"

"साबणात चूक झाली. माझी चूक. तुम्ही आधी पाणी घ्या."

गजराबाई दाराला धरून उभी होती. माझी चूक, असं सून म्हणाली तेव्हा तिचं तोंड उघडलं होतं. पण आवाज आला नाही, आणि एकदा तो क्षण गेल्यावर तोंड उघडणं आणखीच अवघड झालं.

दोघी तशाच सोनारीला निघाल्या. बार्शीची गाडी लगेच मिळाली, पण रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. दोन दोन ट्रॉल्या ओढत ते मुंगीच्या पायानं चालले होते आणि त्यांच्या मागं यष्टी. हर्षाली खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा तेच बोलत होती. आपण पट्टी बुडवून बघितल्याशिवाय कुणाला एक बाटली देत न्हाय, मग या खेपेला फोनवर कसं भागवलं. दुकानदाराचं तोंडसुद्धा आठवत न्हाय. बाबांच्या ऑपरेशनमुळं डोकं ठिकाणावर नव्हतं. "परवानगी काढलीय, सगळं रीतसर केलंय, आणि आपल्याच घरच्या लेकराला..." ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

गजराबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. हा हात कशाचा धीर देतोय? ती खिडकीबाहेर बघू लागली. तिच्या डोळ्यांपुढं नात येत होती, आणि नातीचा डोळा पांढरा झालेला दिसत होता. गावात तिच्या लहानपणी एक म्हातारा होता, भट्टीवर काम करताना चुना उडून डोळा गेलेला. उकडलेल्या अंड्यासारखा तो डोळा होता. पोरं त्याच्यापासून लांब पळायची. अर्पिता, कालपरवा पाळण्यात ठेवलेलं नाव. ते नाव सोडून तिला लोक काय म्हणतील? आंधळ्या डोळ्याची पोर. आणि ज्ञानेश्वरीला सासू काय म्हणेल? तुझ्या माहेरानं दिलेली भेट.

आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक भीती होती, जी तिला कबूल करायची लाज वाटत होती. आपण टाकली न्हाय हे कळलं तर सून पुन्हा आपल्याला आत्या म्हणेल का, ही.

"किती जणींना दिल्या बाटल्या?" बार्शीच्या स्टँडवर गाडी बदलताना हर्षालीनं विचारलं.

"ओटी भरली त्या समद्यांना." गजराबाईला तेव्हा कुठं ते उमगलं. तिथवर ती फक्त अर्पिताचाच विचार करत होती. बारशाला आलेल्या बायका लेकुरवाळ्या होत्या. कडेवर पोरं, हाताशी पोरं. दोघी तिघी तर लेकराला पाजतच पाळणा ऐकत होत्या. त्यांच्या हातात तिनंच बाटली दिली होती आणि सांगितलं होतं, बाळाला लावा, निव्वळ नारळाचं हाय.

परंड्याच्या स्टँडवर उतरल्या तेव्हा ज्ञानेश्वरीचा फोन आला. ती आणि जावई रणधीर मोटरसायकलवर बाळाला घेऊन डोळ्याच्या दवाखान्यात पोचले होते. डॉक्टरांनी बाळाला आत घेतलं होतं. सलाइनच्या नळीनं पुन्हा डोळा धुताहेत, एवढंच तिला माहीत होतं. दवाखाना स्टँडच्या पलीकडच्या रस्त्यालाच होता.

गजराबाई तिकडं चालायला लागली. हर्षालीनं तिचा दंड धरला.

"आत्या, तिथं डॉक्टर आहेत. सोनारीत कुणी न्हाय."

"नात हाय माझी."

"मला कळतंय. पण तिकडं कुणीतरी आत्ता, या घडीला, लेकराला न्हाऊ घालत असंल. ते तर कुणालाच माहीत न्हाय."

गजराबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. रिक्षावाला हॉर्न वाजवत बाजूनं गेला. दवाखान्याची पाटी तिथून दिसत होती, हिरवी, त्यावर मोठा डोळा काढलेला. त्या डोळ्याकडं बघवेना. ती वळली आणि सुनेच्या मागं सोनारीच्या वडाप जीपमध्ये जाऊन बसली. जीप हलली तेव्हा तिला वाटलं, आपलं काळीज त्या पाटीखाली पडून राहिलंय.

सोनारीत ज्ञानेश्वरीची सासू धुरपदाबाई ओट्यावरच होती. थोरला नातू समर्थ तिच्या मांडीवर झोपलेला. धुरपदाबाई गावात मानाची बाई, बोलायला तिखट. लग्नाच्या बैठकीपासूनच गजराबाई तिला बिचकून होती. हर्षालीनं पुढं होऊन सगळं सांगितलं: साबण बिघडलाय, त्यानंच बाळाचा डोळा लाल झालाय, दृष्ट नाही, आणि वाटलेली प्रत्येक बाटली परत आणायची आहे.

धुरपदाबाईनं ऐकून घेतलं. मग ती गजराबाईकडं बघून म्हणाली, "आमी तुमच्या भरवशावर लेकराच्या अंगाला लावलं."

गजराबाईनं मान खाली घातली.

"कुणाकुणाला दिल्या ते ध्यानात आहे का तुमच्या?" हर्षालीनं विचारलं.

"ओट्या म्या भरल्या. समदं ध्यानात हाय. पण घरोघर जाईस्तवर दिवस मावळंल. पंचायतीच्या भोंग्यावरनं सांगा."

ग्रामपंचायतीत शिपाई एकटाच होता. त्यानं माईक जोडला, फुंकून बघितला. बाहेर खांबावरचा भोंगा खरखरला. हर्षालीनं माईक हातात घेतला. ती बोलायला लागली. "सोनारी गावातल्या सगळ्या माता-भगिनींना विनंती. मी तेरची हर्षाली. बारशात वाटलेला साबण मी बनवते. माझ्या हातून..."

गजराबाईनं माईकवर हात ठेवला.

नंतर कुणी विचारलं असतं की तेव्हा काय मनात आलं, तर तिला सांगता आलं नसतं. तिला एवढंच दिसलं होतं की ही पोर परक्या गावात, शंभर घरांना ऐकू जाईल असं, न केलेली चूक आपल्या नावावर घेते आहे. उद्या तिचा साबण कुणी हातात धरणार नाही. आणि आपण शेजारी उभं राहून ऐकणार. सून पुन्हा आत्या म्हणणार नाही या भीतीपेक्षा ही भीती मोठी वाटली.

"म्या बोलते," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज भोंग्यातून गावभर गेलेला ऐकून ती दचकली. "म्या गजराबाई, ज्ञानेश्वरीची आई. परवा ओटीत ज्या लाल बाटल्या दिल्या त्या कुणी वापरू नका. सूनंची चूक न्हाय. तिनं घालायला सांगितलेली एक वस्तू म्या घातली न्हाय. विसरले न्हाय, जाणून घातली न्हाय. भ्याले म्हणून. त्या साबणानं लेकराच्या डोळ्याला इजा व्हतीय. माझ्या नातीच्या व्हऊन गेलीय. कुणाच्या डोळ्यात गेलं आसंल तर साध्या पाण्यानं धुवा, लई येळ धुवा, आन् दवाखान्यात जा. बाटल्या धुरपदाबाईंच्या दारात आणून द्या."

शिपायानं खटका बंद केला. हर्षाली तिच्याकडं बघत होती. रागानं बघितलं असतं तर गजराबाईला सोसलं असतं. पण ती पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडं बघावं तशी बघत होती. मग ती पायऱ्या उतरून गेली.

धुरपदाबाई दारातच उभी होती, समर्थला खांद्यावर टाकून. "आता उभं ऱ्हाऊन काय व्हतंय," ती म्हणाली. "जी येणार न्हाय तिच्या घरी आपण जायचं. चला."

दुपार टळेपर्यंत त्या हिंडल्या. काही बायका भोंगा ऐकून स्वतःच बाटल्या घेऊन आल्या. एकीनं ती रागानं ओट्यावर आपटली. एकीनं उलट विचारलं, इतकी लाल, इतकी सुंदर, खरंच वाईट हाय का? एका म्हाताऱ्यानं दाढी केल्यावर तोंडाला लावला होता, त्याचे गाल भाजल्यासारखे झाले होते. त्यानं भर चौकात गजराबाईला नको ते ऐकवलं. ती ऐकत उभी राहिली. प्रत्येक दारातून ती आत डोकावायची. आत लेकरू दिसलं की आधी तिची नजर त्याच्या डोळ्यांवर जायची. उघडे आहेत. काळेभोर आहेत. मग श्वास सुटायचा, आणि पुढच्या दारापर्यंत पुन्हा भरून यायचा.

धुरपदाबाईच्या हिशेबानं सगळ्या बाटल्या आल्या, एक सोडून. शिवलीला नावाची तिची एक दूरची भावजय बारशाला आली होती आणि त्याच संध्याकाळी शेतातल्या वस्तीवर परत गेली होती. तिथं भोंगा ऐकू जात नाही. फोन तिच्या नवऱ्याकडं, आणि नवरा उसाच्या टोळीबरोबर बाहेर. शिवलीलेची पोरगी शाळेत जाते, आणि एक धाकटा आहे, रांगणारा.

धुरपदाबाईच्या पुतण्यानं मोटरसायकल काढली आणि हर्षाली मागं बसून गेली. गजराबाई ओट्यावर बसून राहिली. तिच्या पुढ्यात लाल बाटल्यांचा ढीग होता. उन्हात त्या फार देखण्या दिसत होत्या. तिनं त्यांच्यावर पोतं टाकलं.

फोन आधी रणधीरचा आला. धुरपदाबाईनं घेतला. ती बराच वेळ नुसती ऐकत होती आणि गजराबाई तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोधत होती. त्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. लग्नाच्या बैठकीतही दिसलं नव्हतं.

"डोळ्यात रंग घालून निळा उजेड टाकून बघितला म्हणं," फोन ठेवून ती म्हणाली. "जिथं सोललंय तिथं हिरवं चमकतंय. बुबुळाची वरची साल निघालीय, थोडीच. आत गेलं न्हाय. थेंब दिलेत. दोन दिवसांनी पुन्हा बघणार हायत."

"दिसंल का तिला?"

"दिसंल म्हणतोय. घरी पाणी मारलं म्हणून निभावलं, म्हणं. आन् एवढ्या लहान लेकराला साबणच नगं म्हणाला, नुसतं पाणी बास."

गजराबाईला हसावं की रडावं कळलं नाही. तिनं दोन्ही केलं नाही. वस्तीकडच्या वाटेवर डोळे लावून बसली.

हर्षाली परत आली तेव्हा तिच्या हातात अर्धी रिकामी बाटली होती. शिवलीलेनं तो साबण पोरीच्या केसांना लावला होता. केस झाडूसारखे राठ झाले, पोरीचे डोळे चुरचुरले, तिनं आरडाओरडा केला आणि हौदात तोंड बुडवलं. डोळे जरा लाल होते, पण उघडे होते. उद्या दवाखान्यात दाखवायला सांगून आली होती. धाकट्याला लावला नव्हता. लावणार होती, पोरीच्या ओरडण्यानं थांबली.

संध्याकाळी ज्ञानेश्वरी बाळाला घेऊन आली. बाळ थकून झोपलं होतं. उजवी पापणी सुजून तांबडी झाली होती आणि तिच्या कडेला औषधाचा चिकटा दिसत होता. ज्ञानेश्वरीला वाटेतच कुणीतरी भोंग्याची गोष्ट सांगितली असावी. ती आईजवळून गेली, थांबली नाही. आत जाऊन बाजेवर बसली आणि बाळाला पदराखाली घेतलं. गजराबाईनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

दोघी तिथंच राहिल्या, फेरतपासणी होईपर्यंत. धुरपदाबाईनंच ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत हर्षाली सासूशी कामापुरतं बोलली. पाणी गरम करा. थेंबांची वेळ झाली. गजराबाई सांगितलेलं करायची आणि बाळाच्या प्रत्येक हुंकाराला दचकायची. बाळ झोपलं तर वाटायचं, डोळा दुखून ग्लानी आली; रडलं तर वाटायचं, वाढलं. डाव्या डोळ्यानं बाळ उजेडाकडं बघायचं. उजवा बंदच. दुसऱ्या दिवशी दुपारी तो किलकिला झाला. ज्ञानेश्वरीनं हाक मारली, "आई, बघ." त्या दोन दिवसांतली तिची ती पहिली हाक.

परंड्याला डॉक्टरांनी पुन्हा रंग घातला, निळा उजेड टाकला. गजराबाई भिंतीला पाठ लावून उभी होती; तिला बघायचं नव्हतं आणि नजर हलवताही येत नव्हती. बाळाच्या डोळ्यात हिरवं काही चमकलं नाही. डॉक्टरांनी दिवा विझवला. "भरून आलंय," ते म्हणाले. "थेंब आठवडाभर चालू ठेवा." ज्ञानेश्वरीनं बाळ उचललं, आईकडं वळली आणि तिच्या हातात दिलं. गजराबाईनं बाळाला छातीशी धरलं, रणधीरनं खालून आधार दिला.

परतीच्या गाडीत दोघी सासवा-सुना शेजारी बसल्या. परंडा मागं पडलं. मग हर्षाली खिडकीकडं बघतच म्हणाली, "भ्या वाटलं तवा मला का न्हाय विचारलं, आत्या?"

आत्या म्हणाली. गजराबाईनं ते ऐकलं आणि गिळलं.

"तू हसशील वाटलं."

"हसले असते," हर्षाली म्हणाली. "खरंच हसले असते बहुतेक. लिंबात असतंय ते ॲसिड. चिंचेतलं वेगळं, दह्यातलं आणखी वेगळं, पण आंबट म्हटलं की काहीतरी ॲसिड असतंच. तुम्ही रोज खाता."

"मग त्याला ॲसिड कशाला म्हणायचं?"

"नावच आहे ते. सगळी ॲसिडं सारखी नसतात. किती घेतलं, कशात घेतलं, त्यावर असतंय."

गजराबाईनं थोडा विचार केला. मग विचारलं, "आन् ते कॅनमधलं, नारळाचं, ते एवढं जहाल तर मळ काढतंय तरी कसं? कातडी सोलून काढतंय का?"

"न्हाय. जहाल असणं वेगळं, मळ काढणं वेगळं." हर्षाली तिच्याकडं वळली. "त्याच्या कणाला दोन टोकं असतात. एक टोक तेलाला चिकटतंय, दुसरं पाण्याला. मळ तेलकट असतोय, नुसत्या पाण्यानं निघत न्हाय. हे त्याला एका टोकानं धरतंय आणि पाणी ओतलं की पाण्याबरोबर घेऊन जातंय."

"मग अंगातलं तेलबी नेत आसंल."

"नेतंय थोडं. जे साबण जास्त नेतात त्यांनी अंग फुटतंय. हे कमी नेतंय, म्हणून हे घेतलं."

"आन् धुतलं न्हाय नीट, कातडीवर ऱ्हायलं, तर?"

"तर खाज येईल. म्हणून धुवायचं."

"आन् पोटात गेलं तर?"

हर्षाली सांगत गेली. गजराबाई विचारत राहिली, इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं एकेक. काही उत्तरं तिला कळली, काही नाही. न कळलेलं ती पुन्हा विचारायची, आणि कंडक्टर तिकिटाला येऊन उभा राहिला तरी तिचं विचारणं संपलं नव्हतं.